गढूळ पाण्याला टीसीएल हा इलाज नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मृगाच्या पावसाने जोर धरला की या सदरात दोन तऱ्हेची पत्रे येऊ लागतात. एकात बादलीतल्या चहाच्या रंगाच्या पाण्याचे वर्णन असते आणि शेवटी मागणी असते की नगरपालिकेने पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, जास्त टाकावी. दुसऱ्यात तक्रार असते की पाण्याला औषधाचा उग्र वास येतो, पावडर कमी करावी. कधी कधी ही दोन्ही पत्रे एकाच शहरातली, आठवड्याच्या अंतराने लिहिलेली असतात. तक्रारी खऱ्याच आहेत. पण इलाज दोन्ही वेळा भलत्या ठिकाणी शोधला जातो. कोकणातल्या पावसाळी पाण्याचे पहिले दुखणे क्लोरीनच्या खोलीत नसून तुरटीच्या टाकीपाशी असते, आणि ते आकड्यांत पकडता येते. जलशुद्धीकरण केंद्रांवर नोकरी झालेल्या आम्हा काही जणांनी हे पत्र त्यासाठी लिहिले आहे. लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. सह्याद्रीचा कडा ते समुद्र हे अंतर बहुतेक ठिकाणी जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, त्यामुळे नद्या आखूड आणि उताराच्या. जांभा सच्छिद्र आहे, पाणी मुरते. पण खाली चिकणमातीचा थर लागला की ते आडवे होऊन झऱ्यांवाटे निघून जाते. सड्यावरची विहीर गणपतीत काठोकाठ भरलेली दिसते आणि शिमग्याला तळ दाखवते, ती यामुळे. म्हणून शहरांना धरण, तलाव नाहीतर नदी यांवरच विसंबावे लागते. रत्नागिरीला शीळचे धरण, मालवणला धामापूरचा तलाव, सावंतवाडीला पाळणेकोंड. चिपळूणची गोष्ट वेगळी: वाशिष्ठीला उन्हाळ्यातही पाणी असते, कारण घाटमाथ्यावरचे कोयनेचे पाणी वीज तयार करून झाल्यावर अवजल म्हणून तिच्यात उतरते. वीजनिर्मिती थांबली की नदीची पातळी उतरते आणि जॅकवेलचे, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीचे, पंप कोरडे पडायला लागतात. भर वैशाखात शहराचे पाणी आभाळाऐवजी टर्बाइनवर अवलंबून असण्याचे उदाहरण राज्यात फार ठिकाणी सापडणार नाही.

प्रत्येक स्रोताचे दुखणे निराळे. धरणाला लोह आणि मँगनीज, खाडीलगतच्या नदीला खार, आणि पावसाळ्यात सगळ्यांनाच गढूळपणा. त्यातला गढूळपणा आधी घेतो, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात.

पहिल्या पावसात बांधावरची, रस्त्याच्या कडेची, प्लॉटिंगसाठी उकरलेल्या डोंगराची लाल माती नदीत येते. उन्हाळ्यात एक आकडी असलेला गढूळपणा एका रात्रीत काही शे एनटीयूवर जातो. (एनटीयू हे गढूळपणा मोजण्याचे एकक. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, मर्यादा १ एनटीयू आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत सूट.) या मातीतला वाळूचा अंश तासाभरात खाली बसतो. चिकणमातीचे कण मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, आणि प्रत्येकावर ऋण विद्युतभार. ते एकमेकांना ढकलत राहतात. पाणी हंड्यात दोन दिवस ठेवले तरी तांबूसच राहते. वाळूच्या फिल्टरमधल्या फटी या कणांच्या कितीतरी पट मोठ्या असतात, तेव्हा नुसत्या गाळण्यानेही ते अडत नाहीत. त्यांना आधी एकत्र आणावे लागते. ते काम तुरटीचे.

तुरटी पाण्यात विरघळली की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट, जेलीसारखे पुंजके तयार होतात आणि मातीचे कण त्यांना चिकटतात. पण हे घडायला पाण्यात क्षारता लागते. क्षारता म्हणजे खारेपणा नव्हे. पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे आम्ल पचवण्याची जी ताकद येते ती क्षारता. एक मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. देशावरच्या विहिरीच्या पाण्यात क्षारता शे-दोनशे मिलिग्रॅम सहज असते, तिथे हा हिशेब कुणाला करावाही लागत नाही. कोकणात जुलैमध्ये नदीला येते ते बहुतांशी नुकतेच पडलेले पावसाचे पाणी, मऊ, जांभ्यावरून घसरत आलेले. समजा त्याची क्षारता लिटरला २० मिलिग्रॅम आहे आणि गढूळपणासाठी ५० मिलिग्रॅम तुरटी हवी आहे. ५० तुरटी २५ क्षारता मागते, आणि आहेत २०. मग सामू, म्हणजे पीएच, झपाट्याने घसरतो, साडेपाचाच्याही खाली जातो. पुंजके धरत नाहीत. ऑपरेटरला दिसते की पाणी निवळत नाही, म्हणून तो तुरटी आणखी वाढवतो. पाणी आणखी बिघडते.

खरी गंमत पुढे आहे. इतक्या कमी सामूला ॲल्युमिनियम पुंजका न होता विरघळलेलेच राहते आणि फिल्टरमधून आरपार जाते. केंद्रावरच्या ग्लासात पाणी ठीक दिसते. पुढे वितरण टाकीत चुना पडला किंवा पाण्याने सिमेंटच्या भिंतीतला चुना ओढून घेतला की सामू वर चढतो आणि तेच ॲल्युमिनियम जलवाहिनीत पुंजके धरते. घरातल्या नळाला पाणी दुधाळ, तळाशी पांढरट साका. रहिवासी म्हणतो फिल्टर बंद आहे, ऑपरेटर म्हणतो माझ्याकडे पाणी स्वच्छ होते, आणि दोघेही खोटे बोलत नसतात.

उपाय जुना आहे: चुना. तुरटीच्या साधारण एकतृतीयांश वजनाचा विरलेला चुना, तुरटीच्या आधी आणि तिच्यापासून दूर, पाण्यात सोडायचा. दोन्ही एकाच चेंबरमध्ये एकदम ओतले तर ते एकमेकांशीच झगडून मोकळे होतात. चुन्याचा घोळ सतत ढवळत ठेवावा लागतो, नाहीतर तळाशी बसून नळी तुंबते, आणि बऱ्याच केंद्रांवर चुन्याची यंत्रणा धूळ खात पडलेली असते ती या तुंबण्याच्या कंटाळ्यामुळे. तुरटीऐवजी पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड, बोलीत ‘पॅक’, वापरले तर क्षारता कमी खर्च होते. पावसाळ्याचे तीन महिने तरी ते परवडते. पण त्याचीही मात्रा मोजूनच द्यावी लागते.

मात्रा ठरवायची कशी? अंदाजाने नाही. त्यासाठी जार टेस्ट आहे आणि तिला तासभर पुरतो. एक लिटरची सहा भांडी कच्च्या पाण्याने भरायची. तुरटीचे एक टक्क्याचे द्रावण करायचे, म्हणजे १० ग्रॅम तुरटी एक लिटरमध्ये. या द्रावणाचा एक मिलिलिटर एका लिटर पाण्यात टाकला की मात्रा झाली १० मिलिग्रॅम. सहा भांड्यांत एक ते सहा मिलिलिटर, म्हणजे १० ते ६० मिलिग्रॅम. एक मिनिट जोरात ढवळायचे, मिनिटाला शंभर फेरे. मग पंधरा-वीस मिनिटे संथ, मिनिटाला तीस फेरे. मग अर्धा तास हात लावायचा नाही. ज्या भांड्यात रव्याएवढे पुंजके धरून ते स्वच्छ बसतात आणि वरचे पाणी दोन-तीन एनटीयूवर येते, ती मात्रा. सामू प्रत्येक भांड्याचा मोजायचा. तो साडेसहाच्या खाली गेला असेल तर हाच प्रयोग चुना घालून पुन्हा. कोकणात ही चाचणी पावसाळ्यात रोज, आणि नदीला लोंढा आला की पाळीला एकदा व्हायला हवी. आठवड्याची एक मात्रा ठरवून ती रेटणे म्हणजे तापात आणि ताप उतरल्यावर एकच गोळी देत राहणे.

मात्रा ठरली तरी ती पाण्यात पडते का, हा वेगळा प्रश्न. १० एमएलडीचे, म्हणजे दिवसाला एक कोटी लिटरचे केंद्र असेल आणि मात्रा ४० मिलिग्रॅम असेल, तर दिवसाला ४०० किलो तुरटी लागते. दहा टक्के द्रावण केले तर ४,००० लिटर. म्हणजे मिनिटाला पावणेतीन लिटरहून थोडे जास्त. एक लिटरचे मोजपात्र धारेखाली धरले तर ते २१-२२ सेकंदांत भरले पाहिजे. चाळीस सेकंद लागले तर पाण्यात निम्मीच तुरटी पडते आहे, रजिस्टरमध्ये काहीही लिहिलेले असो. तुरटीच्या लाद्यांबरोबर पोत्याचे धागे, काड्या, वाळू टाकीत जाते आणि भोकापाशी अडकते; दर पाळीला हे मोजपात्र धारेखाली धरण्याचे कारण तेच. कोणाही नगरसेवकाला केंद्रावर जाऊन एक मिनिटात करता येईल अशी ही तपासणी आहे. घड्याळ आणि पातेले, एवढेच लागते.

घरच्या हंड्यालाही हेच लागू आहे. तुरटी फिरवून फिरवून पाणी तुरट झाले तरी निवळत नाही, अशी तक्रार जुलैमध्ये ऐकू येते. त्या पाण्यात क्षारताच नाही. वीस लिटरच्या हंड्यात आधी पानाच्या चुन्याचा वाटाण्याहून लहान गोळा कालवून घातला आणि मग तुरटीचे चारच फेरे दिले तर तेच पाणी तासाभरात बसते. ते वरून अलगद काढून, फडक्याने गाळून, उकळून मगच प्यावे. निवळले म्हणजे जंतू मेले असे नव्हे.

पुढचा टप्पा फिल्टर. त्याबद्दल थोडक्यात. जलद वाळू गाळणीत साधारण ७५ सेंटिमीटर वाळू, दाणा ०.४५ ते ०.७ मिलिमीटर, खाली खडीचे थर. चौरस मीटरमागे तासाला पाच-सहा घनमीटर पाणी जावे. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की मागणी वाढते, फिल्टर मात्र तेवढेच. त्यांच्यातून दीडपट पाणी रेटले जाते आणि पुंजके वाळूतून खाली उतरतात. वरच्या आणि खालच्या दाबातला फरक दोन मीटरच्या जवळ आला की फिल्टर धुवायचा: आधी हवा, मग दहा मिनिटे उलटे पाणी. हवेचा ब्लोअर नादुरुस्त असेल तर वाळूत चिखलाचे गोळे होतात आणि फिल्टर दिसायला चालू, आतून बंद. वाळू बदलताना स्थानिक खाडीची वाळू स्वस्तात मिळते म्हणून टाकू नये. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. मुठभर वाळू हायड्रोक्लोरिक आम्लात चोवीस तास ठेवून वजनात पाच टक्क्यांहून जास्त घट आली तर ती वाळू बाद, असा नियमच आहे.

आणि वीज. पावसाळ्यात फांदी तारेवर पडते, पंप थांबतात, संथ ढवळणारी पाती थांबतात. वीज आल्यावर पंप एकदम पूर्ण जोराने सुरू होतात, आणि फिल्टरमध्ये अडकलेला गाळ त्या धक्क्याने सुटून शुद्ध पाण्याच्या टाकीत उतरतो. पहिली दहा-पंधरा मिनिटे फिल्टरचे पाणी वाया घालवायला हवे. टाकी रिकामी, लोक फोन करताहेत, अशा वेळी ते कुणी घालवत नाही. ‘लाइट गेल्यानंतरचे पहिले पाणी गढूळ’ हा जो अनुभव घरोघरी आहे, त्याचे एक कारण इथे आहे.

आता टीसीएल. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकले तर त्यातले बरेचसे माती आणि पालापाचोळ्याच्या सेंद्रिय अंशावर खर्च होते, आणि जंतू मातीच्या कणाआड सुरक्षित राहतात. शिवाय सेंद्रिय द्रव्य आणि क्लोरीन मिळून ट्रायहॅलोमिथेन नावाची नको ती संयुगे तयार होतात. म्हणून ‘पाणी गढूळ, टीसीएल वाढवा’ ही मागणी आम्हाला पटत नाही. आधी १ एनटीयू, मग क्लोरीन, मग अर्धा तास संपर्क, आणि त्यानंतरही मोकळे, म्हणजे कशाशी जोडले न गेलेले, क्लोरीन शिल्लक. मानकानुसार ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक हवे.

पावडरच्या हिशेबात कोकणाची हवा आडवी येते. ताज्या टीसीएलमध्ये ३० ते ३५ टक्के क्लोरीन असते. १० एमएलडीला १ मिलिग्रॅमची मात्रा द्यायची तर दिवसाला १० किलो क्लोरीन, म्हणजे ३३ टक्क्यांची पावडर ३० किलो. पण जूनच्या दमट हवेत पोत्याचे तोंड उघडे राहिले की पावडर ओलसर होते, गोळे धरते, आणि तिच्यातले क्लोरीन उडून जाते. ती २० टक्क्यांवर आली तर तेवढ्याच परिणामासाठी ५० किलो लागेल. रजिस्टरमध्ये मात्र ‘पावडर ३० किलो’ हीच नोंद चालू राहते. पोते आल्यावर आणि दर पंधरवड्याने पावडरची ताकद प्रयोगशाळेत मोजून तारखेसह भिंतीवर लिहिणे हा याला उपाय. पावडर पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळीच सोडायची. कोरडी पावडर थेट टाकीत भिरकावणे हा देखावा झाला. ती तळाशी साका होऊन बसते.

उग्र वासाबद्दल. बरेचदा तो वास क्लोरीन जास्त झाल्याचा नसून कमी पडल्याचा असतो. पाण्यात अमोनिया असेल, म्हणजे सांडपाणी किंवा कुजका पाला मिसळला असेल, तर क्लोरीन आधी त्याच्याशी जोडले जाते आणि क्लोरामाइन बनतात. डोळ्यांना झोंबणारा, पोहण्याच्या तलावाची आठवण देणारा वास त्यांच्यातल्याच काही प्रकारांचा. अमोनिया पूर्ण संपेपर्यंत क्लोरीन द्यावे लागते, वजनात अमोनिया-नायट्रोजनच्या आठ ते दहा पट. त्याच्या पलीकडे मोकळे क्लोरीन उरते आणि वासही सौम्य होतो. अर्धवट मात्रा दिली तर वास राहतो आणि जंतूही. ओ.टी. टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन बघण्याची चाचणी, करताना हा फरक दिसतो: थेंब टाकताच पिवळा रंग आला तर मोकळे क्लोरीन, हळूहळू मिनिटा-दोन मिनिटांनी गडद होत गेला तर जोडलेले. बहुतेक ठिकाणी नळी हलवून, पाच मिनिटांनी रंग बघून ‘ओ.टी. पॉझिटिव्ह’ असे लिहितात. ही नोंद फसवी आहे. ऑर्थोटोलिडीन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, म्हणून ते कटाक्षाने सोडून गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी गोळ्या वापरणे उत्तम.

सामूचाही संबंध आहे. सामू साडेसातला असेल तेव्हा मोकळ्या क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारणाऱ्या जोरदार रूपात असतो. साडेआठला जेमतेम दहावा. तेव्हा शेवटी नळ गंजू नयेत म्हणून चुना घालून सामू वाढवायचा तो क्लोरीनचा अर्धा तास पुरा झाल्यावर. उलट क्रमाने केले तर क्लोरीन आहे पण काम करत नाही. आणि चुना अजिबात न घालता मऊ, आंबट पाणी तसेच सोडले, तर जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप आतून खाल्ले जातात. सकाळच्या पहिल्या दोन बादल्या तांबड्या येतात त्या पावसाच्या मातीमुळे नव्हे, पाइपच्या गंजामुळे. ओळखायची खूण: माती हंड्यात लोंबकळत राहते, गंज लवकर तळाला बसतो आणि कपड्यावर डाग पाडतो.

केंद्रातून चांगले निघालेले पाणी घरी पोचेपर्यंत बिघडते, त्याचे मुख्य कारण एकाच शब्दात सांगायचे तर गटार. आपल्याकडे पाणी दिवसाआड किंवा दिवसातून तासभर येते. पाणी बंद झाल्यावर वाहिनी उतारावर रिकामी होते आणि आत पोकळी तयार होते. नळ उघडा असेल तर ‘फुस्स’ असा आवाज येतो, हवा आत ओढली जाते. हवा जिथून जाते तिथून पाणीही जाते. घरजोडणीची अर्धा इंची नळी गटारातून गेलेली असेल, तिचा सांधा गंजलेला असेल, तर त्या पोकळीत गटाराचे पाणी ओढले जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बादलीतून प्यायला मिळते. थेट वाहिनीला मोटर लावणारा शेजारी ही ओढ आणखी वाढवतो. त्याला मिळणारे पाणी आपल्या गटारातून जाऊन येते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. पावसाळ्यात कावीळ, टायफॉइडचे रुग्ण एका वाडीत किंवा एका आळीत एकवटलेले दिसले तर केंद्राकडे बोट दाखवण्याआधी त्या आळीतल्या गटारात उतरून नळ्या मोजाव्यात. नळी गटारावरून, उंचावरून आणि एमडीपीई प्लास्टिकची एकसंध घेतली की निम्मे काम होते.

उन्हाळ्याचे दुखणे आता. धरणाचे पाणी फेब्रुवारीपासून वर तापते आणि खाली गार राहते. दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी पाला कुजून प्राणवायू संपतो, आणि तिथल्या मातीतले लोह आणि मँगनीज विरघळून पाण्यात येतात. जॅकवेलची तळाची झडप उघडी असेल तर हे पाणी थेट शहरात. हवा लागली की लोह तांबूस होते. धबधब्यासारख्या पायऱ्यांवरून पाणी पाडण्याचा, म्हणजे कॅस्केडचा, उद्देश हाच. मँगनीज नुसत्या हवेने बधत नाही, त्याला क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेट लागते. नाहीतर ते नळात काळा थर धरते आणि दाब वाढला की काळ्या पापुद्र्यांनी सुटते. मानकातली मँगनीजची मर्यादा लिटरला फक्त ०.१ मिलिग्रॅम आहे, ०.३ पर्यंत सूट. स्वस्त उपाय जॅकवेलमध्येच आहे: वेगवेगळ्या उंचीच्या झडपा असतील तर वरची उघडावी. पहिल्या पावसात तर हमखास, कारण गढूळ, गार पाणी जड असल्याने तळाशी शिरते. मात्र अनेक ठिकाणी वरच्या झडपांचे दांडे गंजून अडकलेले असतात आणि त्यांना तेल देण्याचे काम कुणाच्याच यादीत नसते.

खाडीलगतच्या नद्यांत एप्रिल-मेमध्ये वरून येणारा प्रवाह आटतो आणि उधाणाची भरती खार पाणी आत घुसवते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जॅकवेलमध्ये क्लोराइड चढते, अष्टमीच्या सुमारास उतरते. मानक २५० मिलिग्रॅमचे, दुसरा स्रोत नसल्यास १,०००. चवीला खारट लागायला साधारण २५०च्या पुढे सुरुवात होते. तुरटी, वाळू, क्लोरीन यांपैकी कशानेही मीठ निघत नाही. उकळल्याने तर वाढते. म्हणून मोजून उपसा करणे हाच मार्ग. क्लोराइडची चाचणी सोपी आहे, पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकून सिल्व्हर नायट्रेट सोडायचे, पिवळा रंग विटकरी झाला की थांबायचे. उधाणाच्या चार दिवसांत भरतीच्या माथ्यापासून दोन तास पंप बंद ठेवले आणि ओहोटीला चालवले तर क्लोराइड बरेच आटोक्यात राहते. किनाऱ्यावरच्या विहिरींचेही असेच. समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर उंच गोडे पाणी आपल्याखाली सुमारे चाळीस मीटर खार पाणी दाबून धरते; उपशाने ते एक मीटर संपवले की खालचे वर यायला अडथळा राहत नाही. मोठ्या मोटरने एका तासात उपसण्यापेक्षा छोट्या मोटरने दिवसभर उपसणे म्हणूनच शहाणपणाचे. नदीपात्रातला सक्शन पंपाने होणारा वाळूउपसा पात्र खोल करतो आणि खार पाण्याला वरपर्यंत वाट करून देतो; शिवाय जॅकवेलभोवतीची जी वाळू पाणी फुकटात गाळत होती ती ट्रकमधून निघून जाते.

खार नाही अशा ठिकाणी मात्र घरोघरी आरओ विकले जात आहेत. विक्रेता दोन ग्लासांत दोन-दोन सळ्या बुडवून वीज सोडतो; नळाच्या पाण्यात तांबडा-काळा साका येतो, आरओच्या पाण्यात काही नाही. तो साका पाण्यातला नसून सळीच्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, नसलेल्यातून जवळजवळ वाहत नाही, इतकेच. कोकणातले धरणाचे पाणी मुळातच इतके मऊ असते की त्यातले उरलेसुरले क्षार काढण्यात अर्थ नाही आणि मशीन एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडते.

राहिली तपासणी. जंतूंसाठी मानक साधे आहे: १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही नको. पण नमुना घेण्यातच चूक होते. बाटली निर्जंतुक हवी, तिच्यात सोडियम थायोसल्फेट हवे, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाण्यातले क्लोरीन जंतू मारत राहते आणि अहवाल खोटा चांगला येतो. बाटली नळाच्या पाण्याने विसळली तर थायोसल्फेट वाहून जाते, विसळायची नाही. तोटीवरचा रबरी पाइप काढायचा, तोटी ज्योतीने तापवायची, दोन-तीन मिनिटे पाणी सोडायचे, वर थोडी जागा ठेवून भरायची, बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवायची. शुक्रवारी संध्याकाळी घेतलेला आणि सोमवारी उघडलेला नमुना म्हणजे पोस्टेजचा खर्च. नमुना केंद्राच्या नळाचा नको. वाहिनीच्या शेवटच्या टोकाचा हवा, जिथे क्लोरीन सर्वांत कमी उरते. वीस हजारांपर्यंतच्या वस्तीला पाच हजार माणसांमागे महिन्याला किमान एक, हा जुना दंडक आहे. पावसाळ्यात तो अपुरा आहे, म्हणून दूषित पाणी ओळखायची एच२एसची बाटली मधल्या दिवसांत वापरावी: पाणी भरून घरातच ठेवली आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळी पडली तर संशय पक्का.

आमची मागणी एका फळ्यापुरती आहे. प्रत्येक नगरपरिषदेने रोज सकाळी दहाच्या आत पुढचे आकडे लिहावेत. कच्च्या आणि गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा. टाकीतून निघणाऱ्या पाण्याचा सामू. आदल्या दिवशी वापरलेली तुरटी आणि चुना, किलोमध्ये. वाहिन्यांच्या तीन शेवटच्या टोकांना मोजलेले मोकळे क्लोरीन, मोजल्याच्या वेळेसह. एप्रिल ते जून, खाडीलगतच्या गावांत, जॅकवेलचे क्लोराइड. चालू पोत्यातल्या टीसीएलची ताकद आणि ती तपासल्याची तारीख. तुरटी १०० किलोने वाढली आणि चुन्यासमोर शून्य असेल तर काय चालले आहे हे कुणालाही कळेल. त्यासाठी रसायनशास्त्र शिकावे लागत नाही. क्लोरीनच्या रकान्यात तीनही ठिकाणी रोज तोच ०.५ दिसला, तर मोजणारा घरून लिहितो आहे हेही कळेल.

हा फळा केंद्रावर, दोन फाटकांच्या आत लावू नये. पाणीपट्टी भरायच्या खिडकीशेजारी लावावा.

कळावे,

जलशुद्धीकरण केंद्रांवर काम केलेले काही निवृत्त कर्मचारी,
जि. रत्नागिरी